बारीक मासळी संपली तर काय?

“मावशी, कोंबडी पण जीवच हाय की! तिनं काय खायचं न्हाय का?”

“खावं की. पोटभर खावं. पण आमच्या पाटीतलं कशाला?”

“तुमच्या पाटीतलं कुटं? माल माझा, गोडाऊन माझं, टेम्पो त्यांचा. तुमी मधी कोण?”

“मी मधी कोण? आरं, तुला चड्डीची नाडी बांधता येत न्हवती तवापासनं मी मधीच हाय!”

भांडण ऐन रंगात आलेलं. सोमवारची सकाळ, सोलापुरातल्या आमच्या बाजारामागची गल्ली. दस्तगीरच्या सुक्या मासळीच्या गोडाऊनचं शटर वर, आणि दारात कोंबडीखाद्याच्या कारखान्याचा टेम्पो उभा. एका बाजूला दस्तगीर, हातात मोबाईल. दुसऱ्या बाजूला आम्ही सात बाया, हातात रिकाम्या पाट्या. आमच्या वाट्याची सगळी बारीक मासळी, म्हणजे मांदेली, तारली, जवळा, त्या दिवशी टेम्पोत चढणार होती. त्या दिवशी आणि तिथून पुढं दर सोमवारी. चढली असती तर मंगळवारच्या बाजारातली आमची लाईन कायमची उठली असती. सुरमईचे सुके तुकडे घ्यायला आमच्याकडं कोण येतंय? आमचं गिऱ्हाईक मूठभर जवळ्याचं.

टेम्पो आला तसा मोकळा गेला, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागायचा आणि मधलं सगळं तुम्ही पळत पळत वाचाल. कसा गेला ते शेवटी.

पोतं ओतलं की तळाला चुरा राहतो. चांगली मासळी गिऱ्हाईक घेऊन जातं, चुरा आपल्यापाशी उरतो. पन्नास वर्षं लाईनीत बसले. किती माणसं आली, बोलली, घासाघीस करून गेली. त्यांचा चुरा माझ्यापाशी साठलाय. आणि खाणाऱ्याला विचारा, चटणीला चव येते ती चुऱ्यानंच!

*

मी सोजरबाई. शाळा दुसरीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण रद्दीत झालं.

रद्दीत म्हणजे खरोखर रद्दीत. मासळी बांधायला किलोवर कागद आणायचे. गिऱ्हाईक नसलं की एक एक कागद मांडीवर घेऊन अक्षरं लावायची. जुनी वर्तमानपत्रं, पोरांची पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका. कुणाच्या लग्नाला कोण ‘आपले विनीत’ होते हे मला तोंडपाठ असायचं.

एकदा एका फाटक्या पुस्तकाचं पान हाताला लागलं. त्यावर माझीच मासळी! चित्र होतं तारलीचं. मी वाचायला लागले. समुद्रात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते बारीक मासळी खाते, बारीक मासळीला मोठा मासा खातो, पक्षी खातात, देवमासासुद्धा खातो, असं सगळं लिहिलेलं. शेवटची ओळ होती, “आणि ही बारीक मासळी संपली तर”

पान संपलं!

पुढचं पान बघते तर नाही. आठवलं, आत्ताच एका बाईला पावशेर मांदेली त्याच पुस्तकाच्या कागदात बांधून दिली. तराजू तसाच टाकला आणि पळाले. तीन गल्ल्या ओलांडून तिचं घर गाठलं. धापा टाकत दारात उभी.

ती घाबरली. “काय झालं बाई? वजन चुकलं काय?”

“मासळी ठिवा तुमाला. कागद द्या!”

“कागद? त्यो चुलीत घातला की पेटवणाला.”

मी मटकन उंबऱ्यावर बसले. तिनं पाणी दिलं. पाणी पिता पिता तिलाच विचारलं, “मला एवढं सांगा, बारीक मासळी संपली तर काय?”

ती कढई हलवत म्हणाली, “तर काय? पुढच्या मंगळवारी तुमच्याकडनंच आणीन की!”

*

तो प्रश्न काही मला सोडेना. आमच्या वस्तीत विहाराला लागून एक खोली आहे, तिथं लायब्ररी. एक रिटायर्ड गुरुजी ती सांभाळायचे. मी बाजार उठला की तशीच गेले.

“गुरुजी, समुद्राचं पुस्तक द्या.”

गुरुजींनी आधी माझ्याकडं बघितलं, मग नाकाला उपरणं लावलं. “सोजरबाई, आधी हात धुऊन या.”

“गुरुजी, आज पाण्याचा वार न्हाय!”

सोलापूरच्या माणसाला याच्यापुढं बोलता येत नाही. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, त्यात मासळीचे हात धुवायला कुणाला सांगायचं? गुरुजींनी भला मोठा ज्ञानकोशाचा खंड काढून पायरीवर ठेवला. “इथंच बसून वाचा. आत आणू नका.”

मी पायरीवर बसून वाचलं. रोज संध्याकाळी. पावसाळा सुरू झाला तेव्हा आत घेतलं मला.

त्यात लिहिलं होतं ते मी माझ्या भाषेत सांगते. समुद्रात ऊन पडतं तिथं बारीक हिरवे जीव वाढतात, त्यांना प्लवक म्हणतात. त्यांच्यावर जगणारे आणखी थोडे मोठे जीव, तेही डोळ्यांना दिसायचे नाहीत. समुद्राचं सगळं पीक ते. पण सुरमईला ते खाता येत नाही. आपल्याला कडबा खाता येतो का? म्हैस कडबा खाते, आपल्याला दूध देते. तशी बारीक मासळी ते पीक खाते आणि आपल्या अंगानं मोठ्यांना खाऊ घालते. खाली जीव चिक्कार, वर मोठे मासे, पक्षी, देवमासे, तऱ्हा चिक्कार. मधे मात्र ह्या दोन-चार जातीच! वरचं सगळं ह्या मधल्यांच्या जिवावर. पुस्तकात म्हटलंय, मधली कमी झाली की किनाऱ्यावर पक्ष्यांची पिल्लं उपाशी मरतात.

म्हणजे बारीक मासळी ही समुद्राची भाकरी. आणि भाकरीला कुणी नाव ठेवत नाही, मानही देत नाही. ती रोज असतेच, म्हणून.

माझं वाचून झालं, पण त्या खंडाचा वास काही जाईना. लायब्ररीत एक मांजर येतं. खिडकीतून उडी मारून थेट त्याच कपाटापाशी जाऊन बसतं. कुणी नवीन माणूस आला की गुरुजी सांगायचे, “आमच्याकडं समुद्राचं पुस्तक दोघंच वाचतात. एक सोजरबाई, एक ती मांजर.”

*

जुळे सोलापुरातल्या एक बाई दर मंगळवारी तारली न्यायला यायच्या. त्यांचे मिस्टर बँकेतून रिटायर झालेले. ते स्कूटर रस्त्याच्या पलीकडं लावून, नाकाला रुमाल लावून, आमच्याकडं पाठ करून उभे राहायचे. जणू आम्ही काही चोरीचा माल विकतोय.

एकदा बाईंचा गुडघा धरला, म्हणून सर स्वतः आले. चार हात लांब थांबले. “जरा तिथूनच द्या. दोन पिशव्यांत घाला. वर अजून एक घाला.”

घातल्या तीन पिशव्या. पैसे काढताना त्यांच्या खिशातून औषधाची बाटली खाली पडली, माझ्या पाटीत. मी उचलली. आणि छापील काही हातात आलं की मी वाचणारच, ती माझी खोड. इंग्रजी अक्षरं मी नातीच्या पाटीवर शिकले आहे. अर्थ नसला कळत तरी उच्चार जुळवते. बाटलीवर तर माशाचं चित्रच होतं.

“सर, हे कशाचं?”

“हार्टसाठी आहे. डॉक्टरांनी दिलंय. माशाचं तेल.”

“कुठल्या माशाचं?”

सरांनी बाटली घेतली आणि तिच्यावरची बारीक अक्षरं शोधायला लागले. मीच सांगितलं, “तारलीचंच असतंय बहुतेक. ही माझ्या पाटीतली.”

“अहो बाई, ते औषध आहे!”

“व्हय की. मग तारली माझ्या पाटीत असली की घाण मारती, आन् गोळीत शिरली की आंघोळ करून सोवळं नेसती व्हय?”

अख्खी लाईन हसली. सर तारली घेऊन निघाले. पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच आले. रुमाल खिशात होता. एक पिशवी पुरे म्हणाले.

*

आमच्यातल्या एकीनंही समुद्र बघितला नव्हता. पन्नास वर्षं त्याचं खाल्लं, पण तोंडओळख नाही. मौलाबीच्या मनात आलं की एकदा जाऊन यावं.

मौलाबी म्हणजे दस्तगीरची आई, आमच्या लाईनीतली पहिली बाई. नवरा लवकर गेला. पोराला मांडीवर घेऊन ती बाजारात जवळा विकायला बसली. मग एकीच्या बाजूला दुसरी, दुसरीच्या बाजूला तिसरी, अशी लाईन झाली. मला तराजू धरायला तिनंच शिकवलं. दस्तगीर मोठा होऊन माल आणायला लागला, गोडाऊनवाला शेठ झाला. मौलाबी जागची हलली नाही. “पोरगा शेठ हाय. मी कुटं शेठ हाय?” म्हणायची.

तर दस्तगीरचा टेम्पो माल आणायला कोकणात मोकळाच जायचा. त्यात सतरंजी टाकून आम्ही निघालो. बरोबर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. सगळ्या वाटेनं मी बायकांना ज्ञान देत होते. प्लवक काय, मासळी कशी चालते, कोण कुणाला खातं. कुणी झोपली तर हलवून जागी करत होते!

सकाळी बंदरावर उतरलो. होड्या लागलेल्या, कोळणी टोपल्या ओतत होत्या. एका टोपलीत बोटाएवढी मासळी, सोन्याच्या पट्ट्यांसारखी, उन्हात अंगातून आरपार उजेड दिसेल अशी. मी म्हटलं, अशी मासळी आपल्याकडं येत नाही, विचारून घ्यावं.

“बाई, ही कुठली हो मासळी?”

कोळीण माझ्याकडं बघतच राहिली. “आजी, चेष्टा करतेस? तुमीच तर नेता ही! मांदेली!”

मी आयुष्यभर मांदेली विकली. डोळे बांधले तरी वासावरून सांगीन. पण वाळलेली! ओली मांदेली मला ओळखता आली नाही. आमच्यातल्या एकीलाही नाही. माझी मान खाली. सबंध वाटेचं ज्ञान एका टोपलीत बुडालं.

मौलाबीनं एक मांदेली तळहातावर घेतली, उलटीपालटी करून बघितली. मग म्हणाली, “सोजरा, आपन जलमभर मयताचं तोंड बघून वळख सांगत व्हतो की गं.”

तिनं ती हळूच परत टोपलीत ठेवली.

मग त्या कोळणीनं आम्हाला बोट करून दाखवलं. लांब पाण्यावर एक सावली पडली होती, आणि वर ढग तर एकही नव्हता. सावली सरकत होती. पाणी तिथं शहारल्यासारखं करत होतं. वरून पक्षी दगडासारखे पडत होते. “तारली आयली,” ती म्हणाली. “खालशी मोठं मासं लागलंत तिचे मागं.”

सावली एकदम वळली. हजारो, लाखो असतील, पण एका दमात वळल्या. कुणाची कुणाला धडक नाही.

मी विचारलं, “ह्यांच्यात पुढारी कोण असतंय?”

“पुढारी नाय कोन,” कोळीण म्हणाली. “बाजूवालीवर डोला ठेवाचा. ती वलली का आपून वलाचा.”

येताना टेम्पोत पार अर्धी वाट सरल्यावर मौलाबी बोलली. “एवढ्या जणी, आन् एकीचा एकीला धक्का न्हाय. आन् आपन आठ जणी, दर मंगळवारी पाटी सरकवण्यावनं भांडतोय!”

*

नागव्वाची ओळख राहिली. ती दुधनीची. घरात कानडी. फक्त जवळा विकते, दुसरं काही ठेवत नाही. आणि बोलायचं म्हटलं तर दिवसाला चार वाक्यं, त्यातली दोन हिशेबाची. मी तिच्या बाजूला बसते, म्हणजे दोघींच्या वाटचं मलाच बोलावं लागतं. मला त्याचा त्रास नाही.

एकदा एक साहेब फॉर्म घेऊन आले. बाजारात बसणाऱ्यांची नोंद करायची होती. आम्ही सगळ्यांनी भराभरा सांगितलं. साहेब नागव्वापुढं आले.

“नाव?”

“नागव्वा.”

“वय?”

“गोत्तिल्ल.” म्हणजे माहीत नाही.

“धंदा कधीपासून?”

“गोत्तिल्ल.”

“व्यवसायाचं नाव काय लिहू?”

“गोत्तिल्ल.”

“वार्षिक उलाढाल?”

“गोत्तिल्ल.”

साहेबांनी कपाळाचा घाम पुसला. मला म्हणाले, “आजी, यांना मराठी येत नाही का? तुम्ही विचारा जरा.” मी तोंड उघडणार, तेवढ्यात साहेबांचं लक्ष पाटीकडं गेलं. “जवळा बरा दिसतोय. खारट आहे का हो?”

नागव्वा स्वच्छ मराठीत म्हणाली, “खारट न्हाय. चिमूटभर घे, जिभंवर ठेव, मग बोल. तव्यावर भाजून घे, कांदा लई घाल, टमाटं घालू नको. पोटुशी कोण हाय का घरात? तिला दोन घास जास्ती दे.”

साहेब उडालेच. “अहो, तुम्हाला मराठी येतंय की!”

“येतंय,” नागव्वा म्हणाली. “तू इचारतूस ते येत न्हाय.”

*

मौलाबीला जाऊन तीन वर्षं झाली.

आमच्या लाईनीत एक रीत आहे. कुणी घातलेली नाही, पडली. लाईनीतली बाई गेली की तिची जागा मोडायची नाही. तिची गोणी तिच्या जागेवर अंथरायची, वर तिचा तराजू उपडा ठेवायचा. तिची लेक, सून, बहीण, जी कुणी येईल ती त्या गोणीवर बसेल. येईपर्यंत जागा तिची. कुणाची महिनाभर राखली, कुणाची सहा महिने.

मौलाबीची सून शिकलेली, ती काही बसायला येणार नाही. हे आम्हाला माहीत आहे. दस्तगीरला माहीत आहे. तरी दर मंगळवारी नागव्वा गोणी झटकून अंथरते, संध्याकाळी घडी करून आपल्या पाटीतून घरी नेते. त्या गोणीला मधोमध एक खाकी ठिगळ आहे. दस्तगीरच्या शाळेच्या चड्डीचं. पोरगा चौथीत गेल्यावर चड्डी आखूड झाली, मौलाबीनं फाडून गोणीला लावली. लहानपणी तो त्याच गोणीवर झोपायचा, आमच्या पाट्यांच्या सावलीत. कोण हातात मासळी देईल ते चघळत.

लाईनीच्या तोंडाची ती जागा, मोक्याची. कितीजणांनी मागितली. एका मंगळवारी एक मोबाईलचे कव्हर विकणारा आला आणि सरळ गोणी गोळा करून स्टँड लावून मोकळा झाला! मी आवाज चढवला. तो म्हणाला, “आजी, जागा काय तुमच्या नावावर हाय का?”

तेवढ्यात नागव्वानं आपली पाटी उचलली आणि त्याच्या डाव्या अंगाला नेऊन ठेवली. तिचं बघून तिच्या पलीकडची सरकली, ती उजव्या अंगाला. मग तिसरी, चौथी. कुणी कुणाला काही बोललं नाही. बघता बघता त्याच्या चारी बाजूंनी आम्ही! बोंबील, वाकटी, तारली, सगळी पोती तोंड उघडून. ऊन वर चढत होतं. आम्ही शांतपणे धंदा करत होतो.

बारा वाजता त्यानं स्टँड गुंडाळला. हात जोडून मला म्हणाला, “मावशी, जातो. गिऱ्हाईक कव्हर हुंगतंय आन् इचारतंय, फोनमधी बोंबील घातलाय का!”

*

तर आता त्या सोमवारकडं येते.

दस्तगीर वाईट माणूस नाही. आधी हे लिहून ठेवते, कारण वाचणाऱ्याला शेठ म्हटलं की लगेच लबाड दिसतो. कोरोनात बाजार बंद होता तेव्हा आमच्या सातही घरांत त्यानं जोंधळ्याची पोती टाकली होती. पण डिझेल वाढलं, कोकणातून माल पहिल्यासारखा निघेना. बारीक मासळी तिथंच कारखाने उचलायला लागले. पूर्वी पोत्यात बोटाएवढी तारली यायची, आता करंगळीएवढी, आणि त्यात भलत्या माशांची पिल्लं. त्यात ह्या कोंबडीखाद्यवाल्यांचा फोन आला. सगळा माल एकदम, दर आठवड्याला, दारातून.

“मावशी, तुमी पाटीपाटीनं नेताय. निम्मा माल पावसाळ्यात भिजून जातोय. त्यांचं एका फोनवर काम हुतंय. मी काय करू? मेरेकू भी घर है ना?”

रागावला की तो आईच्या भाषेत जातो.

मी मग पुस्तक उघडलं. म्हणजे तोंडानं. त्या गल्लीत, टेम्पोच्या ड्रायव्हरसकट सगळ्यांना, मी समुद्र समजावून सांगितला. ऊन, प्लवक, तारली, सुरमई, पक्ष्यांची पिल्लं. “दस्तगीर, ही समुद्राची भाकरी हाय! तिचा भुगा करून कोंबडीला घालताय, मग सुरमईनं काय खायाचं? आन् सुरमई संपली की तू तरी काय विकणार? ही करंगळीएवढी तारली बघ. हिनं अजून अंडी बी घातली न्हाईत. पुढच्या सालची तारली कुठनं येणार?”

ड्रायव्हर ऐकत होता. त्यानं विडी विझवली. मला वाटलं, जिंकले.

दस्तगीर हळू आवाजात म्हणाला, “मावशी, समदं खरं हाय. तुमी वाचलंय, मी वाचलं न्हाय. पण मी न्हाय दिला तर दुसरा देतोय. आज माझ्या गोडाऊनातनं न्हाय गेला तर उद्या बंदरावरनंच जातोय. सात बायकांनी सोलापुरात बसून समुद्र वाचतोय व्हय?”



हे लिहायला मला जड जातंय. शेवटचा शब्द माझा असतो, ही माझी उभ्या बाजारात ख्याती. पण तो चुकीचं बोलला नव्हता. समुद्र तिकडं, आम्ही इकडं, मधे सगळा घाट. आमच्या पाट्यांतली मासळीसुद्धा समुद्रातून काढलेलीच की! बंदरावरची ती सरकणारी सावली माझ्या डोळ्यांपुढं आली. तिच्यातल्या एका तारलीला कुणी विचारलं असतं की तू एकटी वळून काय होणार, तर तिनं काय सांगितलं असतं? ज्ञानकोशात ते नव्हतं. चुलीत गेलेल्या पानावर असेल तर असेल.

दस्तगीरनं मान फिरवून ड्रायव्हरला खूण केली. हमालानं पहिलं पोतं पाठीवर घेतलं. जवळ्याचं होतं. नागव्वाचं.

मी बाजूला बघितलं तर नागव्वा नाही. पाटी खाली ठेवून ती गल्लीतून चालती झाली होती. मला राग आला. म्हटलं, आजच्या दिवशी ही बाई घरी निघाली! हमालानं पोतं टेम्पोच्या फळीवर टेकवलं. दुसरं घ्यायला वळला.

तेवढ्यात नागव्वा परत आली. तिची खोली बाजाराच्या तोंडालाच आहे. तिच्या हातात मौलाबीची गोणी होती, नीट घडी केलेली, वर तराजू. ती आमच्याकडं आली नाही. सरळ दस्तगीरपुढं जाऊन उभी राहिली. तराजू त्याच्या पायाशी ठेवला. गोणीची घडी अशी उलगडली की खाकी ठिगळ वर आलं, आणि ती त्याच्या दोन्ही हातांवर ठेवली. मोबाईल त्याच्या हातातून खाली पडला, त्यानं उचलला नाही.

नागव्वा म्हणाली, “दस्तू, तुझ्या आईची जागा तीन वरीस राखली आमी, उद्या मंगळवार हाय, तुझ्या कोंबड्या आणून बसव तितं.”